१४ सह्या, १६० कलमे

२०२२ च्या चतुर्थीला, म्हणजे ३१ ऑगस्टला, आमच्या घरच्या माटवीखाली, म्हणजे फळापानांनी सजवलेल्या छताखाली, गणपतीसमोर फुलांच्या परडीशेजारी मी एक प्लॅस्टिकची फाइल ठेवली होती. तिच्यात सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि संमतीपत्राचे १४ छापील नमुने होते. सिंधुदुर्गात समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत आमची जी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन आहे, तिच्या सातबाऱ्यावर माझ्यासह १५ नावे आहेत. बाकीची १४ माणसे मुंबई, ठाणे, पुणे, बडोदे अशा ठिकाणी असतात आणि वर्षातून एकदाच, गणपतीला, एका छपराखाली येतात. शासनाकडून काजूच्या लागवडीसाठी अनुदान घ्यायचे, तर सामाईक खात्यातल्या सर्व खातेदारांची संमती अर्जाला जोडावी लागते, आणि ती गोळा करायला या सणाखेरीज दुसरा मुहूर्त मला सुचत नव्हता.

शेतीला अनुदान द्यावे की देऊ नये, यावर मी पुष्कळ चर्चा ऐकल्या आणि वाचल्या आहेत. त्यांत दोन्ही बाजूंची माणसे असे धरून चालतात की, सरकारने द्यायचे ठरवले की ते शेतकऱ्याच्या खात्यात पडते. माझ्या वाट्याला आलेले अनुदान मिळवताना तीन वर्षे गेली, आणि त्या वाटेवर मला जे दिसले ते या चर्चेत क्वचितच येते, म्हणून हे लिहितो आहे.

मी अर्ज केला ती भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ साली सुरू झाली. रोजगार हमीतून फळबाग लावायची तर जॉबकार्ड लागते आणि लाभार्थी ठरावीक गटांतला असावा लागतो; त्या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी राज्याने ही वेगळी योजना काढली. कोकणात तिच्यासाठी किमान १० गुंठे आणि कमाल १० हेक्टर क्षेत्र चालते, उर्वरित महाराष्ट्रात हीच मर्यादा २० गुंठे ते ६ हेक्टर अशी आहे. आमच्याकडचे जमिनीचे तुकडे लक्षात घेऊन कोणीतरी हा फरक केला असावा आणि त्याबद्दल त्या अनामिक अधिकाऱ्याचे मला कौतुक वाटते. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते, मात्र दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी किमान ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. खड्डे, कलमे, लागवड, पीक संरक्षण आणि नांग्या भरणे (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणे) यांचा खर्च शासन देते. जमीन साफ करणे, खड्डे भरायला माती आणि शेणखत आणणे, काटेरी कुंपण घालणे हे शेतकऱ्याने आपल्या पदरचे करायचे. 'शंभर टक्के अनुदान' असे जे फलकावर लिहिलेले असते, ते शासनाने ठरवलेल्या मापदंडाच्या शंभर टक्के असते, आणि मापदंडातला मजूर व आमच्या वाडीतला मजूर यांच्या मजुरीत बरेच अंतर आहे, हे मला पुढे कळले.

सह्यांचे काम दोन आरत्यांच्या मधल्या वेळात चालले. पहिल्या दिवशी नऊ झाल्या. एक चुलत बहीण मात्र काही केल्या पेन हातात घेईना, कारण सही केली म्हणजे आपला हिस्सा गेला, अशी तिची समजूत होती. तिची शंका मी वेडेपणाची मानत नाही, कोकणात अशाच कागदांवरून पिढ्यान्पिढ्या कज्जे चालले आहेत. शेवटी मी वेगळ्या कागदावर लिहून दिले की, जमीन सर्वांची राहील, माझी फक्त झाडे, आणि पुढे वाटप झाले तर झाडांचा हिशेब चार माणसांसमोर होईल. तो कागद तिने पर्समध्ये नीट घडी करून ठेवला आणि मग सही केली.

ठाण्याला खासगी कंपनीत नोकरीला असलेला माझा धाकटा चुलत भाऊ सही करता करता म्हणाला, "दादा, सही देतो, पण एक सांग. तुम्हाला पीएम किसानचे सहा हजार, खत स्वस्त, वीज स्वस्त, पीककर्जाला व्याज नाही, वर आता झाडांचेही पैसे. माझ्या पगारातून दरमहा कर कापला जातो तो याच्यासाठीच ना?" त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर देणे अवघड गेले.

देशाच्या पातळीवर त्याचे म्हणणे चुकीचे नाही. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तिचा खरा खर्च याच्या कित्येक पट असतो. २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्र सरकारचे अडीच लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाले. पण हा पैसा कोणत्या वाटेने वाहतो ते पाहिले, तर ती वाट आमच्या घाटाखाली उतरतच नाही. मी वर्षाला युरियाच्या तीन गोण्या घेतो. सवलतीच्या विजेचा लाभ ज्याच्याकडे शेतीपंप आहे त्याला होतो, आणि माझ्या कातळावर पंप बसवायला पाणीच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्चमध्ये विहिरीत कळशी बुडत नाही. हमीभावाचा उपयोग भात विकणाऱ्याला होतो, आणि आमच्या मळ्यातले भात घरच्या कणगीत जाते. थोडक्यात, जो पाणी ओढून, भरपूर खत घालून, ट्रॉली भरून धान्य विकतो, त्याच्याकडे अनुदान आपणहून चालत येते. डोंगरउतारावर कलम लावणाऱ्याला ते मागायला जावे लागते.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी सांगत असत की, या देशात शेतकऱ्याला जे अनुदान मिळते ते उणे असते, म्हणजे एका हाताने खतावर दिले त्याहून अधिक दुसऱ्या हाताने भाव पाडून काढून घेतले जाते, आणि म्हणूनच त्यांच्या संघटनेची घोषणा 'भीक नको, हवे घामाचे दाम' अशी होती. ज्याने वाशीच्या बाजारात आंब्याच्या पेट्या पाठवून भाडे, हमाली, तोलाई, अडत वजा जाता उलटी पट्टी, म्हणजे आपणच देणे लागतो असा हिशेब, हातात घेतली आहे, त्याला हा मुद्दा समजायला पुस्तक लागत नाही. मी हे सगळे भावाला त्या रात्री सांगायला हवे होते. सांगितले इतकेच की, "तुझेही नाव या सातबाऱ्यावर आहे, म्हणजे कागदावर तूसुद्धा शेतकरीच आहेस." तो हसला आणि भजनाला बसला.

उरलेल्या सह्यांपैकी चार गौरी जेवल्यावर झाल्या आणि बडोद्याची एक टपालाने दिवाळीत आली. मग शासनाच्या योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरला, त्याचे शुल्क २३ रुपये ६० पैसे. अर्ज पुष्कळ आणि निधी मर्यादित, म्हणून निवड तेव्हा संगणकीय सोडतीने होत असे. पुढच्या वर्षी निवड झाल्याचा संदेश मोबाइलवर आला तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखे वाटले, आणि लगेच या वाटण्याची लाजही वाटली. शेती ही आधीच पावसाची सोडत, तिच्यावर ही दुसरी.

संदेशानंतर कागद चढवायचे, त्यांची छाननी व्हायची, आणि मग पूर्वसंमती मिळायची. पूर्वसंमतीच्या आधी केलेला खर्च अनुदानात धरला जात नाही, हा नियम मला कृषी सहायक मॅडमनी तीनदा बजावून सांगितला. नियमामागचे कारण कळते, जुन्या लागवडीवर नव्याने पैसे उचलले जाऊ नयेत. पण काजूचे खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापवायचे असतात, आणि माझी पूर्वसंमती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आली. मजूर तोवर आंब्याच्या काढणीत अडकलेले होते. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आलेली असताना ०.८० हेक्टरात १६० खड्डे, सात मीटरवर एक, प्रत्येक दोन फूट लांब, रुंद आणि खोल, असे काम मी दुप्पट धावपळीने आणि दीडपट मजुरीने करून घेतले. जांभ्यात कुदळ दीड फुटावर थांबते. त्याखाली पहार घालावी लागते, आणि पहारीच्या कामाला मजूर वेगळा दर सांगतो, जो कोणत्याही मापदंडात नाही.

त्या वर्षी दैवाने एका बाबतीत साथ दिली, जरी भाताची रोपे (तरवा) करणाऱ्यांना तसे वाटले नसेल. २०२३ चा मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आल्याचे जाहीर झाले आणि मग बिपरजॉय वादळामुळे तो तिथेच अडला. मुंबईला तो २५ जूनला पोहोचला. मला खड्डे भरायला दोन आठवडे जास्तीचे मिळाले. कलमांचे मात्र वेगळेच झाले. अनुदानासाठी कलमे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतलीच हवीत आणि पक्के बिल हवे. सरकारी रोपवाटिकांतली कलमे आगाऊ नोंदणी केलेल्यांनी नेलेली होती. एका खासगी मान्यताप्राप्त रोपवाटिकेत गेलो तर मालकाने पहिलाच प्रश्न विचारला, "योजनेतली आहेत की घरची?" दोन्हींचे दर वेगळे होते. बिलाचे कलम महाग, बिनबिलाचे स्वस्त, आणि दोन्ही एकाच वाफ्यातली. अनुदानावर बोलणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी या एका वाक्यावर विचार करावा, असे मला मनापासून वाटते. शासन शेतकऱ्याला म्हणून जो पैसा देते त्यातला काही भाग शेतापर्यंत पोहोचण्याआधी वाटेतल्या वाफ्यातच मुरतो.

मी काजूच्या वेंगुर्ला-७ या जातीची शंभर आणि वेंगुर्ला-४ ची साठ कलमे घेतली. सातची बी मोठी, दहा ग्रॅमच्या आसपास भरते. चारची लहान, पण आमच्या वडिलांची जुनी झाडे चारचीच असून ती वर्षाआड दगा देत नाहीत, म्हणून तिच्यावर माझा विश्वास. कलम लावताना जोड मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे, बुंध्याशी माती पायाने दाबताना मुळाचा गोळा फुटता कामा नये, आणि जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी कलम रुजल्यावर ब्लेडने कापून काढायची असते. ही पट्टी राहिली तर खोडाला फास बसतो आणि दोन वर्षांनी वाऱ्याला कलम तिथेच मोडते. १६० पट्ट्या मी आणि माझ्या पत्नीने चार संध्याकाळी बसून काढल्या. मापदंडात हे कामही नाही.

खड्डे, कलमे, शेणखत, वाहतूक, कुंपण मिळून पहिल्याच पावसाळ्यात साठ हजारांवर रुपये गेले. अनुदान काम झाल्यावर, तपासणी झाल्यावर, बिले मंजूर झाल्यावर मिळते, तेव्हा हा पैसा आधी घरातून उभा करावा लागतो. पीककर्ज मला मिळत नव्हते, कारण त्यालाही सामाईक खात्यातल्या इतरांची ना-हरकत लागते आणि कर्ज म्हटल्यावर एकही चाकरमानी सही करणार नाही, हे मी न विचारताच जाणत होतो. पत्नीच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, दर साल दर शेकडा १२ रुपये व्याजाने.

लागवडीची तपासणी ऑगस्टच्या शेवटी झाली. मॅडम छत्री सांभाळत प्रत्येक ओळीतून फिरल्या, कलमे मोजली आणि अक्षांश-रेखांशासह फोटो काढले. फोटो चढवायला कातळावर रेंज नव्हती. ती मिळवायला आम्हाला पार पश्चिमेच्या टोकाला, जिथून समुद्र दिसतो त्या घळीपर्यंत जावे लागले. त्यांच्याकडे अशी आणखी कितीतरी गावे होती. कागदांच्या या जंजाळाबद्दल शेतकरी सर्वांत आधी कृषी सहायकाला बोल लावतो, पण त्या दिवशी निसरड्या कातळावर चप्पल हातात घेऊन चालणाऱ्या त्या मुलीकडे पाहून माझ्या मनातला तो बोल गळून पडला.

त्यानंतर सहा महिने काहीही आले नाही. मार्चमध्ये चौकशी केली तर पैसे जमा झाल्याची नोंद दिसत होती आणि माझ्या बँकेत मात्र नव्हते. आठ दिवसांनी उलगडा झाला. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. आणि माझे आधार गॅसच्या अनुदानासाठी कधीकाळी मुंबईत असताना जोडलेल्या एका जुन्या खात्याशी बांधलेले राहिले होते. त्या खात्याचे पासबुक वाळवीने खाल्ले होते. ते खाते चालू करायला मुंबईची फेरी झाली. पहिला हप्ता हातात आला तो केलेल्या खर्चाच्या निम्म्याहून बराच कमी होता, आणि त्यातून पहिल्यांदा पतसंस्थेचे व्याज भरले.

वडिलांच्या वेळचे मला आठवते. १९९०-९१ साली राज्याने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग योजना आणली, तेव्हा मी शाळेत होतो. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या उजाड कातळांवर जी आंब्या-काजूची हिरवळ दिसते, तिच्यातला मोठा भाग त्या योजनेने उभा केला, यावर आमच्या पिढीत दुमत नाही. वडिलांनाही कागद होते, फेऱ्या होत्या. पण मजुरी हजेरीपटावर निघे, आणि खड्डा खणणाऱ्याला त्याचे पैसे शासनाकडून मिळत. वडिलांना पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या नाहीत. तेव्हाच्या व्यवस्थेत खोटे हजेरीपट झाले, कागदावर बागा उगवल्या, हेही खरे, आणि आजची मोजणी, फोटो, थेट खाते हे सगळे त्या खोटेपणावरचे औषध आहे. औषधाची किंमत मात्र अशी की, आता अनुदान मिळवायला तीन गोष्टी असाव्या लागतात: सातबारा साफ, हातात आधी घालायला पैसा, आणि तो परत येईपर्यंत थांबण्याची ऐपत. या तिन्ही ज्याच्याकडे आहेत, त्याने कदाचित अनुदानावाचूनही बाग लावली असती. मी लावली असती का? ३०-४० कलमे लावली असती, १६० नाही. अनुदानाने माझा खर्च भागला नाही, पण धीर दिला, आणि ठाण्याच्या भावाला मी आज उत्तर दिले तर एवढेच देईन.

हा विचार माझ्या मनात पक्का झाला तो शेजारच्या वाडीतल्या काकीमुळे. २०२४ च्या हंगामासाठी शासनाने काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले, किमान ५० किलो आणि कमाल २,००० किलोंसाठी. त्या हंगामात आम्ही बी ११० रुपयांच्या आसपास विकली होती. शेजारी गोव्यात शासन तेव्हा १५० रुपयांचा आधारभूत दर धरून बाजारभावाशी असलेला फरक भरून देत होते, म्हणून सिंधुदुर्गातल्या बागायतदारांची मागणी दराची होती, मिळाले ते १० रुपये. आणि भाव का पडतो, हेही गुपित नाही. आफ्रिकेतून येणारी कच्ची बी कारखान्यांना लागते, तिच्यावरचे आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. कारखानदारालाही जगायचे आहे आणि त्याच्याकडे बी फोडायला आमच्याच गावातल्या बाया जातात, हे मी विसरत नाही. पण आधी भाव उतरेल अशी सोय करायची आणि मग उतरलेल्या भावावर १० रुपये ठेवायचे, याला जोशींनी कोणता शब्द वापरला असता ते सांगायला नको.

या १० रुपयांसाठी दोन कागद हवे होते: सातबाऱ्यावर काजूच्या लागवडीची नोंद, आणि परवानाधारक खरेदीदाराची जीएसटी क्रमांक असलेली विक्रीची पावती. आमच्यापर्यंत अर्ज आला तेव्हा बी विकून कित्येक महिने झाले होते. मी प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला एकरकमी ४२० किलो घातली होती, माझ्याकडे पावती होती. काकीची बी दर आठवड्याला चार-पाच किलो करत वाडीतल्या दुकानात जाते, आणि बदल्यात तेल, साखर, चहापूड येते. या व्यवहाराची पावती म्हणजे दुकानदाराच्या वहीतली पेन्सिलची रेघ. तिची झाडे तिच्या सासऱ्याने लावलेली, खत-पाणी गेली वीस वर्षे तीच करते, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. नवऱ्याचेही नव्हते. तिथे अजून आजेसासऱ्याच्या भावांची नावे आहेत.

काकी एका दुपारी आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "माजी बी तुज्या पावतीर घाल मां रे. पैसे गावले की माका दी." सत्तरएक किलोचा प्रश्न होता, म्हणजे ७०० रुपयांचा. पावती आधीच झालेली, तिच्यात आकडा वाढवायचा म्हणजे खोटा कागद करायचा. मी नाही म्हटले. तिने वाईट वाटून घेतले नाही. चहा घेतला, पत्नीशी बोलली, निघून गेली. पुढच्या वर्षी माझ्या खात्यात ४,२०० रुपये जमा झाले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या घरावरून जाताना मी पावले उचलून टाकत होतो.

बागेचे पुढे असे झाले. पहिल्या उन्हाळ्यात १६० पैकी २४ कलमे गेली. काही वाळवीने, काही साळिंदराने बुंध्याशी कुरतडून, काही नुसतीच. त्या नांग्या २०२४ च्या पावसात भरल्या. नोव्हेंबरच्या मोजणीत १५२ जिवंत निघाली आणि दुसरा हप्ता मंजूर झाला, या वेळी बरोबर खात्यात. मार्च २०२५ मध्ये मात्र खालच्या अंगाने वणवा आला. कोणाच्या तरी भाजावळीची (शेत भाजण्याची) ठिणगी असेल किंवा रस्त्यावरून टाकलेली विडी. मी आग अडवायला जाळरेषा मारली होती, पण ती दक्षिणेच्या बाजूला अर्धीच झाली होती आणि आग नेमकी तिथूनच शिरली. आम्ही सात-आठ माणसे हिरव्या फांद्यांनी झोडपत होतो. तासाभरात सगळे संपले. दुसऱ्या दिवशी काळ्या जमिनीवरून फिरताना ३७ कलमे मोजली, त्यांतल्या काहींवर वर पाने हिरवी दिसत होती आणि खाली साल बोटाने सोलून येत होती.

राहिली ११५, म्हणजे ७२ टक्क्यांहून थोडी कमी. तिसऱ्या हप्त्याला ९० टक्के, म्हणजे १४४ हवीत. ज्याचे जळले त्याला मदत करण्याऐवजी त्याचा हप्ता थांबवणारा हा नियम पहिल्यांदा मला क्रूर वाटला. मग लक्षात आले की, मोजणीत कलमाचे वय विचारत नाहीत. तीन वर्षांचे डोक्याएवढे वाढलेले झाड आणि परवा लावलेली काडी, दोन्ही एकच भरतात. आगीचा पंचनामा करून घेतला, पण त्यातून काही मिळेल ही आशा न धरता पुन्हा ४५ कलमे आणली, या वेळी रोपवाटिकेत आधीच विचारून, बिलासकट. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला. खड्डे तयार नव्हते, चिखलात खणले. ती ४५ कलमे लावण्याचा खर्च आणि २० टक्क्यांचा हप्ता यांचा ताळा मी मांडून पाहिला. माझ्या हातात फारसे काही उरत नाही. तरी लावली, कारण रिकामी आळी पाहवत नव्हती. तिसरी मोजणी अजून व्हायची आहे.

२०२५ च्या चतुर्थीला, २७ ऑगस्टला, माटवीखाली पुन्हा एक फाइल होती. ती काकीची. तिच्या सातबाऱ्यावर १७ नावे आहेत, त्यांतली पाच माणसे वारलेली आणि त्यांची वारस नोंद झालेली नाही. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, वारस नोंदीला लागणारे कागद तेच आहेत: मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांची नावे. त्या पाचांपैकी एकाचा मृत्यू १९६८ साली मुंबईत गिरणीच्या चाळीत झाला, असे काकी सांगते, आणि दाखला कुणाकडे असेल ते तिला ठाऊक नाही. ठाण्याचा भाऊ बाजूला बसून तिचे कागद वाचत होता. त्याने दोनदा विचारले, "म्हणजे हिला पीएम किसानसुद्धा मिळत नाही?" दोन्ही वेळा मी नाही म्हटले. मग त्याने संमतीपत्रांवर नावे घालायला घेतली, कारण त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

जिवंत असलेल्या १२ जणांपैकी सात जणांच्या सह्या विसर्जनापर्यंत झाल्या. फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवले आहे: नालासोपारा दोन, बडोदे एक, पुणे एक, आणि एकाचा पत्ता शोधायचा.